नोकरीतले एकटेपण आणि संघटनेचे कर्तव्य

(हिंगोली येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बेकारी हा विषय समाजवादी कार्यकर्त्याला नवा नाही. ज्याच्या हाताला काम नाही त्याच्या दुःखावर ठराव झाले, मोर्चे निघाले, रोजगार हमीसारखा कायदा महाराष्ट्रात झाला. आजचा विषय त्याच्या शेजारचा, पण क्वचितच बोलला जाणारा आहे. ज्याला काम आहे, महिन्याला काही ना काही रक्कम हातात पडते, तरी त्या कामावर जाताना जो रोज आतून खचत जातो, ज्याला रात्री झोप नाही, दिवसा उमेद नाही आणि हे सांगायला जवळ माणूस नाही, अशा नोकरदाराचे काय? त्याच्या दुःखाचा ठराव होत नाही. ते त्याचे खासगी दुखणे समजले जाते.

हा प्रश्न हिंगोलीत मांडण्याला कारण आहे. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत अशा पाच तालुक्यांचा. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 11 लाख 77 हजार, आणि त्यांतील सुमारे 85 टक्के लोक खेड्यांत राहणारे. सोयाबीन, कापूस, तूर आणि हळद यांच्यावर संसार चालतात. वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण हळदीच्या भावाचा भरवसा मानांकनाने येत नाही. मोठे कारखाने फारसे नाहीत. साखर हंगामात तांड्यांवरची आणि वाड्यांवरची कुटुंबे कोयता घेऊन दूरच्या फडांवर जातात. अशा मुलखात नोकरी ही एकट्या माणसाची गोष्ट राहत नाही. तिच्यासाठी बापाने जमिनीचा तुकडा मोडलेला असतो, भावाने शिक्षण सोडलेले असते, बहिणीचे लग्न त्या पगाराच्या भरवशावर ठरलेले असते. त्या मुलाने घरी येऊन "मला तिथे राहवत नाही" असे म्हटले, तर घर त्याच्याकडे आश्चर्याने पाहते. सावलीत बसून पगार मिळतो, आणखी काय हवे? हा प्रश्न विचारणारे निर्दय नसतात. उन्हात राबणाऱ्याला सावलीतले दुःख दिसत नाही, एवढेच.

हे दुःख कोणाकोणाचे आहे ते नीट पाहिले पाहिजे. एसटीच्या वस्तीच्या गाडीवरचा चालक आणि वाहक शेवटच्या गावी रात्री पोचतात, गाडीतच किंवा मिळेल त्या ओट्यावर पाठ टेकतात आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघतात. दिवसभर शेकडो माणसे अंगावर घेणारा वाहक रात्री बोलायला माणूस शोधतो. दुसरा, परजिल्ह्यातून आलेला शिक्षणसेवक: दोन शिक्षकी शाळा, भाड्याची खोली, पत्नी दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला. तिसरी, आशा कार्यकर्ती: गावातल्या प्रत्येक घरची सुखदुःखे तिच्या वहीत आहेत, तिचे स्वतःचे मात्र कोणाच्याही वहीत नाही. चौथा, सेनगावातून चाकणला गेलेला कंत्राटी कामगार: एका खोलीत सहा जण, पण पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे तो उठतो तेव्हा दुसरा झोपलेला असतो. या चौघांची वेतने आणि कामे निरनिराळी आहेत. एक गोष्ट सारखी आहे: काम माणसांच्या गर्दीत चालते आणि माणूस एकटाच राहतो.

याचे कारण स्वभावात शोधण्याआधी अर्थशास्त्रात शोधणे योग्य होईल. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली एका छोट्या ग्रंथात असे मांडले की, एखाद्या संस्थेचा कारभार बिघडला की तिच्यातल्या माणसापुढे मुख्यतः दोन वाटा असतात. एक, बाहेर पडणे; दुसरी, आत राहून आवाज उठवणे. यांपैकी कोणती वाट धरायची आणि किती काळ थांबायचे, हे त्याच्या निष्ठेवर बरेच अवलंबून असते. ही मांडणी हिंगोलीच्या नोकरदाराला लावून पाहावी. बाहेर पडण्याची वाट बेकारीने बंद केली आहे. सोडलेली जागा भरायला शंभर जण रांगेत आहेत, हे त्याला ठाऊक असते आणि साहेबालाही ठाऊक असते. आवाज उठवण्याची वाट कंत्राटाने बंद केली आहे. अकरा महिन्यांच्या आदेशावर काम करणारा माणूस बाराव्या महिन्याच्या भीतीने बोलत नाही. दोन्ही वाटा बंद झाल्यावर जे उरते त्याला कार्यालयात निष्ठा म्हणतात. वस्तुतः ते मुकेपण असते, आणि हे मुकेपण वर्षानुवर्षे साचले की त्याचे आजारात रूपांतर होण्याची शक्यता वाढते.

या बंद वाटांचा हिशेब मांडता येतो. महाराष्ट्रात 2000 साली शिक्षणसेवक योजना आली. पात्रता पूर्ण शिक्षकाची, काम पूर्ण शिक्षकाचे आणि पहिली तीन वर्षे हातात मानधन. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन 2023 पर्यंत महिना 6 हजार रुपये होते. त्या वर्षी ते 16 हजार झाले. आशा योजना 2005 पासून चालू आहे. आशा ही शासनाच्या लेखी कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे, म्हणून तिला वेतन नाही, मोबदला आहे. सप्टेंबर 2023 मध्ये राज्य शासनाने नऊ बाह्य संस्थांमार्फत कंत्राटी भरती करण्याचा निर्णय काढला आणि तरुणांच्या संतापानंतर ऑक्टोबरमध्ये तो रद्द केला. निर्णय मागे गेला; कंत्राटी पद्धत मागे गेली नाही. सेवक, सेविका, मानधन, मोबदला हे शब्द निरुपद्रवी दिसतात. परंतु ज्याला कामगार म्हणायचेच नाही त्याच्या दुःखाला कामाचे दुःख तरी कसे म्हणणार?

रॉबर्ट कारासेक यांनी 1979 साली स्वीडन आणि अमेरिकेतल्या कामगारांच्या माहितीवरून असे दाखवले की, मनावरचा ताण केवळ काम जास्त असल्याने वाढत नाही. काम जास्त आणि ते कसे करावे याचा अधिकार शून्य, अशी सांगड पडली की माणूस अधिक खचतो. पुढे 1988 मध्ये जेफ्री जॉन्सन आणि एलेन हॉल यांनी त्यात तिसरी गोष्ट जोडली: सहकाऱ्यांचा आधार. भार जास्त, अधिकार नाही आणि आधारही नाही, अशा कामावरच्या माणसांची स्थिती सर्वांत वाईट. वस्तीच्या गाडीवरचा वाहक आणि दोन शिक्षकी शाळेतला शिक्षक नेमके या कोपऱ्यात उभे आहेत.

महाराष्ट्राने याचे एक मोठे प्रात्यक्षिक डोळ्यांनी पाहिले आहे. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. महामंडळात तेव्हा 90 हजारांवर कर्मचारी होते. पगार अपुरा होता आणि करोनाच्या काळापासून वेळेवर मिळत नव्हता. त्या काळात कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या एकामागून एक आल्या. संघटनांच्या कृती समितीने माघार घेतल्यावरही आगाराआगारांतून कर्मचारी बाहेरच राहिले. त्यांची मागणी राज्य शासनात विलीनीकरणाची होती. नोव्हेंबरमध्ये वेतनवाढ जाहीर झाली, तरी संप मिटला नाही. 22 एप्रिल 2022 पर्यंत कामावर हजर होण्याचा आदेश उच्च न्यायालयाने दिल्यानंतर तो संपला. त्या संपाच्या नेतृत्वाविषयी आणि मागणीच्या व्यवहार्यतेविषयी मतभेद असू शकतात. पण एक धडा निर्विवाद आहे. संघटना अनेक होत्या, वर्गणी नियमित कापली जात होती, फलक लागत होते. तरी माणूस आतून किती तुटला आहे याची खबर संघटनेच्या कार्यालयात पोचलेली नव्हती. ती वर्तमानपत्रातून पोचली.

येथे कोणी म्हणेल की दुःख वाढले म्हणजे असंतोष वाढेल, आणि असंतोष वाढला म्हणजे परिवर्तन जवळ येईल. या समजुतीला एका जुन्या अभ्यासाने उत्तर दिले आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचे गिरणगाव होते. तिथली गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. समाजवादी नेते ओटो बाउअर यांच्या सूचनेवरून मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या तरुण संशोधकांनी 1931-32 मध्ये त्या गावाचा अभ्यास केला. 1933 साली तो प्रसिद्ध झाला. लोकांकडे वेळ भरपूर होता, तरी वाचनालयातून पुस्तके नेणे कमी झाले. रस्त्याने चालणाऱ्यांची गती मोजली तर पुरुष सावकाश चालत होते आणि वारंवार थांबत होते. राजकीय वृत्तपत्र वाचणारे घटले, संस्थांतला सहभाग घटला. दारिद्र्याने गाव पेटून उठले नाही. ते विझत गेले. हा अभ्यास बेकारांचा होता. पण त्याचा निष्कर्ष नोकरीत विझत चाललेल्या माणसालाही लागू पडतो: खचलेला माणूस सभेला येत नाही. त्याचे खचणे ही चळवळीची शिदोरी नव्हे, तो चळवळीचा तोटा आहे.

आता वैद्यकीय बाजू. नोकरीतली नाराजी आणि नैराश्याचा आजार या दोन गोष्टी एक नाहीत, जरी पहिलीतून दुसरी उद्भवू शकते. नाराज माणूस अनेकदा सुटीच्या दिवशी मोकळा होतो. यात्रेत, लग्नात, शेतावर त्याचा चेहरा बदलतो. नैराश्य झालेल्या माणसाला सुटीही जड जाते. दोन आठवडे किंवा अधिक काळ मन सतत उदास असणे, आवडीच्या गोष्टीत रस न उरणे, झोप आणि भूक बिघडणे, विनाकारण थकवा, आपण कुचकामी आहोत अशी अपराधी भावना, एकाग्रता जाणे आणि मरणाचे विचार येणे, ही त्याची लक्षणे आहेत. हा आळस नाही आणि मनाचा दुबळेपणाही नाही. त्यावर औषधे आहेत, समुपदेशन आहे, आणि बहुसंख्य रुग्णांना त्याचा उपयोग होतो. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. बरे वाटले म्हणून ते आपल्या मनाने बंद करायचे नसते. दारूने झोप आल्यासारखी वाटते, पण आजार वाढतो.

उपचार मात्र फार थोड्यांपर्यंत पोचतात. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत नैराश्य असलेल्या दर शंभरांपैकी सुमारे 85 जणांना उपचार मिळत नसल्याचे दिसले. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 सालचा, जिल्हा पातळीवरचा कार्यक्रम 1996 चा. महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्या चौदांत हिंगोली आहे. शेतकरी कुटुंबांची विचारपूस करण्याचे काम त्यात आशांकडे आले. ते आवश्यकच होते. पण जी बाई घरोघर जाऊन "झोप लागते का, मरणाचे विचार येतात का" असे विचारते, तिला तोच प्रश्न कोण विचारतो? 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शासनाच्या खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे, त्याला शिक्षा करू नये, असे कलम 115 सांगते. विमा कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावे असेही त्यात आहे. ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस ही निःशुल्क दूरध्वनी सेवा चोवीस तास चालते; तिचा क्रमांक 14416 असून मराठीतून बोलता येते. हक्क कागदावर आहे. तो कार्यकर्त्याला पाठ असला पाहिजे, कारण ज्याला त्याची गरज आहे तो त्या वेळी कायदा वाचण्याच्या अवस्थेत नसतो.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2022 साली असा अंदाज दिला की, नैराश्य आणि चिंता यांमुळे जगात दरवर्षी 12 अब्ज कामाचे दिवस बुडतात आणि सुमारे एक लाख कोटी डॉलरचे नुकसान होते. मालकाला पटवायला हा आकडा उपयोगी आहे. समाजवादी विचाराला तो पुरेसा नाही. माणूस दुःखी आहे हेच कारण पुरेसे असले पाहिजे. त्याच्या दुःखाने उत्पादन बुडाले नसते तरी ते दुःखच राहिले असते. 1948 च्या कारखाना कायद्याने कामातून होणाऱ्या रोगांची यादी केली. शिशाची विषबाधा, पाऱ्याची विषबाधा, दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग तीत आला. मनाचा एकही आजार आला नाही. कामाने फुप्फुस बिघडते हे मान्य करायलाही कामगारांना लढावे लागले होते. मनाच्या बाबतीत ती लढाई अजून सुरू व्हायची आहे.

या विषयावर दोन टोकाची उत्तरे ऐकू येतात. पहिले उपदेशकाचे: मन खंबीर करा, सकारात्मक राहा, ध्यान करा. ध्यानाने कोणाला शांती मिळत असेल तर ती हिरावून घेण्याचे कारण नाही. पण तीन महिन्यांचे मानधन थकलेल्या माणसाला श्वासावर लक्ष ठेवायला सांगणे ही क्रूर थट्टा आहे. दुसरे उत्तर चळवळीतले: हे सारे व्यवस्थेचे दोष आहेत, व्यवस्था बदलली की मने आपोआप बरी होतील. यात अर्धे सत्य आहे आणि अर्धे सत्य माणसाला अर्ध्या वाटेवर सोडते. ज्याला आजची रात्र काढणे कठीण झाले आहे, त्याला पुढच्या समाजरचनेचा पत्ता देऊन भागत नाही. सर्पदंश झालेल्याला आधी दवाखान्यात न्यावे लागते; बांधावरचे बीळ नंतर बुजवावे लागते. पण बुजवावेच लागते, नाहीतर उद्या दुसरा माणूस येईल.

समाजवादी चळवळीला तर या विषयाकडे पाठ फिरवण्याचा अधिकारच नाही. साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांची अंथरुणे घालणारा, त्यांच्या आजारपणात रात्र जागवणारा शिक्षक. पुढे तुरुंग, सेवा दल, 1947 चे पंढरपूरचे उपोषण, 1948 मध्ये साप्ताहिक. हजारो तरुण त्यांना आईच्या जागी मानत होते. 11 जून 1950 रोजी त्यांनी आपले जीवन संपवले. त्या मृत्यूचे एकच कारण सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि त्यांच्या मनाचे निदान करण्याचा तर नाहीच. पण त्यांच्या स्मरणार्थ शिबिरे भरवताना या एका गोष्टीजवळ येऊन आवाज खाली का जातो, याचा विचार व्हावा. हजारांचे अश्रू पुसणाऱ्या माणसाभोवती माणसे होती. माणसे भोवती असणे आणि मन कोणापाशी मोकळे होणे यांत अंतर असते. ते अंतर कार्यकर्त्यांमध्येही आजवर चालत आले आहे. दुसऱ्याच्या अडचणीसाठी तहसीलच्या पायऱ्या चढणारा पूर्णवेळ कार्यकर्ता स्वतःविषयी बोलत नाही. त्यालाही कोणी विचारले पाहिजे.

मग करावयाचे काय? प्रथम, संघटनेने दुःखाला मागणीचे रूप द्यावे. मानधन ठरल्या तारखेला मिळावे. साप्ताहिक सुटी कागदावर नव्हे, प्रत्यक्ष मिळावी. वस्तीच्या गाडीच्या गावी चालक-वाहकांना स्वच्छ खोली, पाणी आणि संडास असावा. पती-पत्नींना एका जिल्ह्यात नोकरी मिळण्याचे धोरण अर्जांच्या ढिगात अडकू नये. कंत्राटी कामगाराला तक्रार केल्यावर काढले जाणार नाही अशी लेखी हमी हवी. या मागण्या वेतनवाढीइतक्या गाजणार नाहीत. पण भार, अधिकार आणि आधार या तिन्ही गोष्टींना त्या हात घालतात. हर्शमनच्या भाषेत सांगायचे तर आवाजाची बंद वाट त्यांनी उघडते.

दुसरे, संघटनेने विचारपूस हे काम म्हणून स्वीकारावे. तालुक्यात नवा शिक्षक, नवी परिचारिका, नवा बँक कर्मचारी रुजू झाला की आठ दिवसांत कोणीतरी त्याच्या खोलीवर जाऊन यावे. वर्गणीची पावती घेऊन नव्हे, भाकरी घेऊन. सतत गैरहजर राहणारा, अचानक गप्प झालेला, पिऊ लागलेला सहकारी शिस्तभंगाचा विषय होण्याआधी भेटीचा विषय व्हावा. त्याला उपदेश करू नये, ऐकावे. मरणाचे विचार येतात का, असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही समजूत चुकीची आहे. उत्तर होकारार्थी आले तर त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना कळवावे आणि जिल्हा रुग्णालयात बरोबर जावे. "जाऊन या" म्हणणे आणि "चला, जाऊ" म्हणणे यांत कधीकधी एका आयुष्याचे अंतर असते.

तिसरे, ज्याच्यावर हे ओढवले आहे त्याच्यासाठी. आजार खोल असताना राजीनामा देणे, जमीन विकणे, घर मोडणे असे न फिरवता येणारे निर्णय पुढे ढकलावेत. आपल्या दुःखाची वाटणी करावी: डॉक्टरकडे नेण्याचे कोणते, संघटनेकडे नेण्याचे कोणते आणि एका मित्राला सांगण्याचे कोणते. सारे एकाच गाठोड्यात बांधले की ते उचलत नाही. झोपण्या-उठण्याची वेळ ठरलेली ठेवावी, रोज थोडे चालावे, आठवड्यातून एकदा तरी कामाशी संबंध नसलेल्या माणसांत बसावे. गावचे वाचनालय असो की भजनी मंडळ. नोकरी बदलण्याची संधी आली तर ती घेण्यात पळपुटेपणा नाही. आणि राहणे भाग असेल, तर आपण पगारापुरते तिथले आहोत, पूर्ण माणूस म्हणून इतरत्रही आहोत, हे विसरू नये.

नामदेवांचे जन्मगाव म्हणून ओळखले जाणारे नर्सी याच जिल्ह्यात आहे, आणि त्यांच्या घरी दासी म्हणून राबलेली जनाबाई शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची. जात्यापाशी एकट्या बसलेल्या जनीला विठ्ठल दळू लागतो, ही कथा या मुलखातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. तिच्याकडे श्रद्धेने पाहावे की कामकरी स्त्रीच्या मनाची गरज म्हणून पाहावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु त्या कथेत देव जनीला धीर धर म्हणत नाही, दळणाचे महत्त्व समजावून सांगत नाही. तो खाली बसतो आणि खुंट्याला हात लावतो. एवढे काम कार्यकर्त्याला करता येण्यासारखे आहे. या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या एका एकट्या नोकरदाराच्या घरी जाऊन यावे, आणि पुढच्या बैठकीत त्याच्या परवानगीने, नाव न घेता, त्याची अडचण मांडावी. मागण्यांची यादी तिथून तयार होईल.